रंग सुकेपर्यंत

मी आणि माझ्या मेवण्याने मिळून शेवटचं काय केलं, तर मंगळवारी दुपारी पाळी गावातल्या माझ्या घराच्या पुढच्या सोप्यावर बसून चहात उंडो, म्हणजे गोल पाव, बुडवून खाल्ला आणि माझ्या बायकोच्या कानावरून भांडलो. बायको जाऊन तीन वर्षं झाली. कान टॅबवरचा होता. मेवण्याने टॅब माझ्यासमोर धरला, त्यावर त्याच्या बहिणीचं तोंड, आणि म्हणाला, "भावोजी, आता तरी झाला म्हणा." मी डोळे बारीक करून बघितलं आणि म्हटलं, "डावो कान चुकलो." त्याने उरलेला उंडो तोंडात टाकला, टॅब माझ्याच प्लगात लावला, कारण त्याच्या खोलीतला प्लग ठिणग्या मारायचा, आणि "फाल्या कान बघतंय" असं उद्यावर टाकून छत्री घेऊन गेला.

पेडण्यापासून डिचोलीपर्यंत माझ्या मेवण्याएवढा हट्टी माणूस देवाने दुसरा घातला नसेल. त्याच्याएवढा कसबी पण घातला नसेल. यातलं पहिलं मी त्याला रोज ऐकवलं आणि दुसरं एकदाही बोललो नाही. म्हणून आता लिहितो. मी चौथी शिकलो, पुढची सगळी शाळा स्टिअरिंगवर झाली, तेव्हा जे आहे ते सरळ लिहिणार.

मी मूळचा सावंतवाडीकडचा. सुर्ल्याच्या खाणीवर खनिजाचा ट्रक चालवायला आलो आणि पाळीला घर करून राहिलो. बायको केली ती कोरगावची. हा तिचा धाकटा भाऊ. त्यांच्या घरी काजूची बाग. बापाने याला बोंडू वेचायला पाठवलं की हा बोंडूच्या रसात काडी बुडवून घराच्या पांढऱ्या भिंतीवर चित्रं काढायचा. काजूचा डाग जन्मात जात नाही. बापाने मारलं, भिंतीला चुना मारला, पुढच्या पावसात चुन्याखालून घोडा परत वर आला. तेव्हापासून त्याचं एकच शास्त्र, ते मरेपर्यंत टिकलं: "लागलो तो लागलो." म्हणजे रंग एकदा लागला की तो पुसायचा नाही, त्याचं काहीतरी करायचं. बहिणीच्या मागोमाग तो पाळीला आला आणि ट्रक रंगवायला लागला. माझ्या पहिल्या ट्रकावर त्याच्या हातून हिरव्या रंगाचा एक ओघळ खाली आला. दुसरा पेंटर असता तर त्याने फडक्याने पुसला असता. याने त्या ओघळाला डोळे काढले, फणा काढला, आणि नाग केला. लोकांना वाटलं मी नागाचा भक्त आहे. दोन माणसं तर दूध घेऊन आली.

गोवा राज्य झालं त्या दिवसांत सरकारी कचेऱ्यांच्या पाट्या बदलायचं काम निघालं, त्यातल्या काही पाट्या याच्या वाट्याला आल्या. 'गोवा, दमण आणि दीव' यातला गोवा ठेवायचा आणि बाकीचं जाऊ द्यायचं. पुढे कुठेही राजकारणाची गोष्ट निघाली की हा छाती काढून सांगायचा, "माका काय सांगतास? दमण आणि दीव मिया पुसलंय." आयुष्यात त्याने पुसलेलं तेवढंच. त्याच्या आधी भाषेचं आंदोलन पेटलं होतं, तेव्हा एकाच दिवशी सकाळी कोकणीवाल्यांचे फलक आणि दुपारी मराठीवाल्यांचे फलक याने एकाच ब्रशाने रंगवले. संध्याकाळी दोन्हीकडचे तापलेले तरुण जाब विचारायला आले, की तू कुणाच्या बाजूचा. हा म्हणाला, "मी काळ्या रंगाच्या बाजूचो. तो दोघांकय लागता." माझ्या बायकोने सगळ्यांना चहा केला आणि भावाला आत नेऊन कान पिळला.

त्याच्या हातची एक गंमत मला उशिरा कळली. त्याला बाई काढायला येत होती, पण एकच. ट्रकाच्या मागच्या फाळक्यावर कळशी घेतलेली बाई काढायची तेव्हा फॅशन होती. याने काढलेल्या सगळ्या बायांना एकच नाक, एकच जाड भुवई आणि रागावल्यासारखे मिटलेले ओठ. एकदा खनिज भरून रांगेत उभा होतो. लाल धुरळा उडालेला, पुढच्या ट्रकाचा फाळका दिसत होता, आणि माझ्या ध्यानात आलं की ही माझीच बायको आहे. त्याच्या पुढचा ट्रक वळणावर आडवा झाला, त्याच्यावर पण तीच. अशी ती सगळ्या खाणपट्ट्यात फिरत होती आणि मी तिच्या मागे गिअर बदलत जात होतो. घरी येऊन मी मेवण्याला शिव्या घातल्या. तो म्हणाला, "मिया दुसरी बाईल माणूस येवढी बघलंयच नाय. काय करू?" लग्न त्याने केलं नव्हतं. बायको मात्र त्या दिवशी दोनदा आरशासमोर जाऊन आली.

ट्रक रंगवून झाला तरी तो झाला असं हा धरायचा नाही. मालकाने भोवती फिरून, सगळं बघून, तोंडाने 'झाला' म्हणायला पाहिजे. तसं म्हटलं की हा करंगळी काळ्या रंगात बुडवायचा आणि चित्राला कुठेतरी कडेला एक तीट लावायचा, लहान पोराच्या गालाला लावतात तशी. ब्रशाने कधी नाही, करंगळीनेच. तीट लागली की काम संपलं, दृष्ट लागायची भीती संपली, आणि याचा चित्रावरचा हक्क पण संपला. मालक न बोलता गाडी घेऊन गेला तर हा दुसऱ्या दिवशी खाणीच्या रस्त्यावर उभा राहायचा आणि भरलेला ट्रक थांबवून विचारायचा, "झाला काय?" मागे चाळीस गाड्या हॉर्न मारत असायच्या.

मग खाणी बंद पडल्या. ट्रक दारात उभे राहिले, त्यांच्या टायरांतून गवत आलं, मग एकेक करून भंगारात गेले. फाळक्यांबरोबर माझ्या बायकोची तोंडं पण गेली. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही, कारण खरं तोंड स्वयंपाकघरात होतं. पुढे ते पण गेलं. पोटात गाठ होती, चार महिन्यांत सगळं आटोपलं. भिंतीवर लावायला फोटो शोधला तर एक मतदानाच्या कार्डावरचा, त्यात ती कोंबडी चोरताना सापडल्यासारखी बघते, आणि एक मुलाच्या लग्नातला, त्यात ती आचाऱ्याला ओरडायला मागे वळली आहे, नुसता अंबाडा दिसतो. मी भिंत रिकामीच ठेवली. वर्षभराने एका सकाळी उठलो आणि तिची भुवई कशी होती ते मला आठवेना. दुपारी मेवणा आला, त्याला सांगितलं. तो उगाच दाढी खाजवत बसला. मग म्हणाला, "मिया काढतंय." पण ब्रश धरला की त्याचा हात आता थरथरत होता, आणि ऑइल पेंटच्या वासाने त्याला धाप लागायची. डॉक्टरने रंगाचा डबा उघडायलाच बंदी घातली होती.

माझी सून कोल्हापूरकडची. डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात डब्यांवरची लेबलं कॉम्प्युटरवर काढते. तिने नवा टॅब घेतला आणि जुना पेनासकट मामांच्या हातात दिला. "मामा, ह्याला वास नाही, आणि हात थरथरला तरी ह्यो रेघ सरळ करून घेतोय." मेवण्याने टॅब उलटा केला, टिचकी मारून बघितला, वास घेतला, आणि पहिला प्रश्न विचारला, "हेका अस्तर कसला मारूचा?" पत्र्याला आधी अस्तराचा हात मारल्याशिवाय त्याने कधी रंग लावला नव्हता. सुनेने सांगितलं, लागत नाही. त्याचा विश्वास बसला नाही. त्याने पूर्ण काचेला पेनाने घासून घासून राखाडी केलं, तेव्हा त्याला बरं वाटलं.

साठी ओलांडलेला माणूस नवीन विद्या कशी शिकतो ते मी त्या सोप्यावर बसून बघितलं. खांद्यावर फडकं, अंगात रंगाचा जुना सदरा. रंग बदलला की आधी पेन फडक्याला पुसणार, मग नवा रंग घेणार. टॅब त्याने मांडीवर घेतलाच नाही, खुर्चीवर उभा केला आणि समोर उभा राहिला. ट्रकाचं चित्र वीस हातांवरून बघायचं असतं, म्हणून तीन रेघा मारल्या की हा उलटा चालत अंगणात, तुळशीला वळसा घालून थेट फणसाखाली, आणि तिथून एक डोळा मिटून खुर्चीकडे बघायचा. एवढ्या लांबून टॅब काड्यापेटीएवढा दिसतो. "काय दिसता तुका?" मी विचारायचो. "तोल दिसता," तो म्हणायचा. एकदा असाच उलटा चालताना कोंबड्यांच्या खुराड्यावर बसला. खुराडं मोडलं, कोंबड्या आठ दिवस अंडी घालायच्या बंद झाल्या. पण परत येऊन त्याने जी रेघ मारली ती मानेची होती, आणि त्या एका रेघेने काचेवरची बाई खरी उभी राहिली, हे मी बघितलं. तोल त्याला दिसत होता.

दोन बोटांनी चित्र मोठं करता येतं हे सुनेने दाखवलं तेव्हा तर तो खुळावलाच. बहिणीची एक पापणी फाळक्याएवढी मोठी करून तिच्यात एकेक केस बसवायला दुपार घालवली. मी विचारलं आज काय काढलंस, तर अभिमानाने म्हणाला, "चार केस."

पण त्याची खरी तऱ्हा होती सुकवण्याची. एक हात सुकल्याशिवाय दुसरा हात नाही, हा पेंटरचा नियम. त्याने पिवळा लावला की काचेवर हळू फुंकर घातली, पेन खाली ठेवलं आणि अर्धा तास थांबला. सुनेला आधी वाटलं मामा दमले. मग एका रविवारी ती बघते तर टॅब अंगणात, तुळशीच्या कट्ट्याला टेकवून कडक उन्हात ठेवलेला. टॅब तापला, त्यावर धोक्याची खूण आली आणि तो बंद पडला. सुनेने धावत जाऊन पदरात धरून आत आणला. "अवो मामा, ह्यात रंग नाही ओ. नुसता उजेड हाय ह्यो." मेवण्याने सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "उजेडाक पण सुकाक येळ लागता गे." उन्हात ठेवायचं त्याने सोडलं. अर्धा तास थांबायचं सोडलं नाही. आणि आता मी खरं ते लिहितो. तो हट्ट होता तशी ती विद्या पण होती. सून दिवसात वीस लेबलं काढते, ती स्वतः म्हणाली, "आबा, मी भराभर करतो नि भराभर खोडतो. मामा कडेच्या वेलीचं एका दिवसात एक पान काढतात, पण झाडावरनं तोडून आणल्यागत." त्या अर्ध्या तासात तो चित्राकडे बघत बसायचा, आणि आम्ही बोलायचो. दुसरं बोलणार काय, तिच्याबद्दलच. ती कोरगावच्या ओढ्यात कशी पोहायची हे त्याने मला सांगितलं. चाळीस वर्षं संसार केला, तिला पोहता येतं हे मला माहीत नव्हतं.

खोडायची सोय टॅबात असते. एक वाकडा बाण आहे, तो दाबला की शेवटची रेघ जाते, आणि दाबत राहिलं तर थेट पहिल्या रेघेपर्यंत मागे जाता येतं. सुनेने दाखवला तेव्हा याने तोंड फिरवलं होतं. लागलो तो लागलो. पण चित्र जवळजवळ होत आलं तेव्हा एका दुपारी त्याचं बोट चुकून बाणावर पडलं आणि बहिणीचा एक पांढरा केस गेला. त्याने परत दाबलं, आणखी एक गेला. हा लहान पोरासारखा हसायला लागला. "भावोजी, बघा, बाय तरणी जाता." दाबत गेला. पांढरे केस गेले, डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली, आजारपण गेलं. मी पण पुढे सरकून बघायला लागलो. सुरकुत्या गेल्या, गाल भरले, क्षणभर लग्नातली ती समोर आली. मी म्हटलं, "थांब." त्याचं बोट थांबलं नाही. भुवई गेली, डोळे गेले, नाक गेलं, राखाडी अस्तर राहिलं, आणि मग ते पण गेलं. पांढरं. घाबरून त्याने तिला परत आणायला पेन टेकवलं आणि एक रेघ ओढली. संध्याकाळी सून आली, तिने बघितलं आणि खाली बसली. पुढचा बाण दाबला असता तर सगळं परत आलं असतं, म्हणाली, पण नवी रेघ मारली की जुनं सगळं कायमचं जातं. तीन महिन्यांचं काम होतं.

मी तोंडाचा वाईट आहे. मी त्याला म्हटलं, "तुया तिका दुसऱ्यांदा मारलंस."

तो चार दिवस आला नाही. मी त्याच्या खोलीकडे गेलो नाही, माझा पण हट्ट आहे. पाचव्या दिवशी दुपारी छत्री दिसली. पदेराच्या भट्टीतले गरम उंडे कागदात गुंडाळून आणले होते. ते माझ्या हातात दिले, खुर्ची ओढली, टॅब उभा केला आणि काचेला अस्तर मारायला लागला. अस्तर संपल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाला, "पयला नाक तसाय चुकलेलाच." मी चहा टाकला.

दुसऱ्या चित्राच्या वेळी आमची भांडणं वाढली. तो भाऊ, त्याच्या डोळ्यात बारा वर्षांची पोर. मी नवरा, मला साठीची बाई पाहिजे. या वेळी त्याने गाल गुळगुळीत काढले. मी म्हटलं, सुरकुत्या कुठे आहेत. तो म्हणाला, "आमच्या घरात होती तेव्हा एक नाय होती. तुमच्याकडे येऊन पडल्यो. जागा तुमीच दाखवा." मग मला दाखवावं लागलं. ही कपाळावरची, मुलगा तापाने फणफणला तेव्हाची. ही ओठाच्या कडेची, मी दारू पिऊन आलो त्या वर्षांची. ही डोळ्याजवळची हसण्याची, ही तुझी, तू खुराड्यावर बसलास तसले प्रकार आयुष्यभर केलेस म्हणून. तो एकेक काढत गेला, फुंकर घालत गेला, अर्धा अर्धा तास थांबत गेला.

शिमग्याच्या सुमाराला चित्र पुरं झालं. मला कळलं. मी ताट घेऊन बाहेर आलो आणि तिने माझ्याकडे बघितलं, मीठ जास्त मागितलं की बघायची तसं. भुवई पण तीच. मेवणा म्हणाला, "झाला म्हणा." आणि मी म्हटलं, "भुवई चुकली."

का म्हटलं ते सांगतो. कोरगावहून त्याचे पुतणे त्याला न्यायला बघत होते, आणि चित्र झालं की येतो असा त्याने त्यांना शब्द दिला होता. मी 'झाला' म्हणायचं, त्याने तीट लावायची, छत्री उचलायची, आणि मुलगा-सून कामावर गेली की मी या सोप्यावर एकटा. म्हणून मी रोज काहीतरी खोट काढत गेलो. भुवई, मग हनवटी, मग कुंकू उजवीकडे सरकलंय. तो रोज "बघतंय" म्हणायचा आणि कामाला लागायचा. महिन्याने सून मला बाजूला घेऊन म्हणाली, "आबा, मामा काय सुद्धा बदलत नाहीत ओ. नुसतं मोठं करून बघतात, फुंकर घालतात, नि परत बारीक करतात." मी म्हटलं, तू तुझं काम बघ. दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं, मी नाक चुकलं म्हणून सांगितलं, आणि आम्ही दोघांनी अर्धा तास नाक सुकायची वाट बघितली.

असा पावसाळा लागला. त्या मंगळवारी कान. रोज तो नुसतं 'झाला म्हणा' म्हणायचा, त्या दिवशी 'आता तरी' म्हणाला. मला ते तेव्हा ऐकू आलं नाही. घरी गेला, पाय धुतले, ओटीवर टेकून बसला आणि बसल्या जागी गेला. दिवे लागायच्या आत निरोप आला. कोरगावची माणसं सकाळी यायची होती, म्हणून स्मशानात न्यायचं सकाळवर ठेवलं.

सकाळी मी लवकर आंघोळ केली. टॅब प्लगातून काढला, खुर्चीवर उभा केला आणि उलटा चालत अंगणात गेलो, तुळशीला वळसा घालून फणसाखाली. पाऊस थांबला होता. एक डोळा मिटून बघितलं. परत आलो आणि "झाला" म्हटलं. घरात कोणी नव्हतं, मुलगा-सून आधीच त्याच्या खोलीकडे गेली होती, तरी मोठ्याने म्हटलं. काळा रंग कुठे असतो ते इतके महिने बघून मला माहीत होतं. करंगळी टेकवली. माझं बोट ड्रायव्हरचं, तीट डाव्या कानाखाली चांगली वाटाण्याएवढी लागली. वाकडा बाण समोर दिसत होता. लागली ती लागली. फुंकर घातली, चपला पायात घातल्या आणि अर्धा तास थांबलो. मग त्याला पोचवायला गेलो.